एफवायचा विषयांचा फॉर्म: कुठल्या रकान्यासाठी झोप घालवायची आणि कुठल्यासाठी नाही

मी एकवीस वर्षं बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते आणि त्यातली बरीच वर्षं प्रवेश समितीत बसले आहे. तुझ्या वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बारावी सायन्सला भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय होते, ६१ टक्के पडले. नीटला मनासारखे गुण आले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे एफवायला, प्रवेश घेतलास, घरापासून कॉलेज ३८ किलोमीटर. नव्या मुलांना सगळी माहिती देणारा कॉलेजचा 'दीक्षारंभ' कार्यक्रम पंधरा दिवसांनी आहे, पण विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय. त्यात विषय एक, दोन, तीन, मग ओई (शाखेबाहेरचा विषय), एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) असे आठ रकाने आहेत. ऑफिसात विचारलं तर 'दीक्षारंभला सगळं सांगतील' असं उत्तर मिळालं. मैत्रिणी रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र घेतायत. आणि शेवटी एक ओळ अशी की बाबा म्हणतात, यंदा नाव घालून ठेव आणि नीट पुन्हा दे. एक रकाना चुकला तर वर्ष वाया जाईल का, असं तू विचारलंयस.

नाही, एका रकान्यानं वर्ष वाया जात नाही. पण तुझी धास्ती अनाठायी आहे असंही मी म्हणणार नाही. आठही रकाने कागदावर सारख्याच आकाराचे दिसतात आणि त्यामुळे आठहींची सारखीच भीती वाटते. खरं तर त्यातले तीन जड आहेत, एक मध्यम आहे आणि बाकीचे चार हलके. शिवाय त्या शेवटच्या ओळीतला प्रश्न आठहींपेक्षा मोठा आहे आणि त्याला फॉर्मवर रकानाच नाही. त्याच्याकडे मी येतेच.

आधी वजन समजून घे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सगळा हिशेब क्रेडिटमध्ये चालतो. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात साधारण १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तू जे रकाने लिहिलेत, त्या रचनेत तीन मुख्य विषयांना प्रत्येकी ४ क्रेडिट असतात: दोन थिअरीचे, दोन प्रॅक्टिकलचे. ते झाले १२. बाकीच्या पाच रकान्यांना प्रत्येकी २, म्हणजे १०. एकूण २२. सेमिस्टरच्या निम्म्याहून जास्त वजन पहिल्या तीन विषयांत आहे. तेही नुसतं गुणांचं नाही. पुढची वाटही तिथेच ठरते. कारण दुसऱ्या वर्षाला या तिघांपैकी एक मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय होतो, एक मायनर, म्हणजे जोडीचा विषय होतो आणि तिसरा सुटतो. जो विषय या तिघांत नाही, तो दुसऱ्या वर्षाला मेजर म्हणून सहसा मागता येत नाही. ओई चुकला तर मात्र फार तर एक सेमिस्टर दोन तासांचा कंटाळा येईल, पुढच्या सेमिस्टरला दुसरा घेता येतो.

ही मांडणी विद्यापीठागणिक थोडी बदलते. काही स्वायत्त महाविद्यालयं प्रवेशाच्या वेळीच मेजर ठरवायला लावतात. तुझ्या फॉर्मवर 'विषय एक, दोन, तीन' असं आहे, म्हणून मी वरची पद्धत धरून लिहितेय. तरी एकदा विचारून खात्री कर: मेजर आत्ता ठरतो की दुसऱ्या वर्षी?

आता नीटची गोष्ट. बाबांना विरोध करावा असं मला वाटत नाही. त्यांनी दोन वर्षांची क्लासची फी भरली असेल, त्यांच्या मनात चुटपुट असणारच. पण 'नाव घालून ठेव आणि अभ्यासही कर' हे बोलायला जितकं सोपं आहे तितकं आठवड्याच्या वेळापत्रकात बसवणं सोपं नाही. तू वहीचं एक पान घे आणि खरंच बसवून बघ. तीन विषयांची थिअरी आठवड्याला ६ तास. तीन प्रॅक्टिकल, प्रत्येकी चार तासांची, म्हणजे १२ तास. बाकीचे पाच पेपर दोन-दोन तासांचे, ते १०. झाले २८ तास. तुझं जाणं-येणं एसटीनं, थांब्यावर उभं राहण्यासकट रोजचे अडीच-तीन तास धर. सहा दिवसांचे पंधरा-अठरा तास तिथेच गेले. त्यावर जर्नल लिहिणं, सबमिशन, अंतर्गत परीक्षा. उपस्थिती साधारण ७५ टक्के लागते आणि प्रॅक्टिकलला तर ती चुकवताच येत नाही, कारण बुडलेलं प्रॅक्टिकल घरी बसून भरून निघत नाही. नीट असते मे महिन्यात, दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात.

माझ्या पाहण्यात दोन्ही एकत्र करून नीट पार केलेली मुलं आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जास्त करून असं होतं की डिसेंबरमध्ये पहिल्या सेमिस्टरला दोन-तीन विषय राहतात, ते मनाला खातं, मग नीटचाही अभ्यास नीट होत नाही. मे महिन्यात दोन्हीकडे हात रिकामे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्या टेबलासमोर बसून रडली होती. तिचं एक वाक्य मला अजून आठवतं: "मॅडम, मी वर्षभर अभ्यासच केला, पण कशाचा केला ते सांगता येत नाही."

म्हणून हा प्रश्न वेगळा काढून, फॉर्मच्या आधी, घरी बसून सोडवा. मी मुलांना एवढंच विचारते: गुण कुठे गेले? नीटचं विषयवार गुणपत्रक समोर ठेव. जीवशास्त्र चांगलं गेलंय आणि भौतिकशास्त्राची अर्धी प्रकरणं झालीच नव्हती, किंवा परीक्षेच्या दोन महिने आधी घरात आजारपण होतं, अशी काही सांगण्याजोगी कारणं असतील तर पुन्हा देण्यात अर्थ आहे. मग पूर्ण वेळ द्यावा, बी.एस्सी. बाजूला ठेवावं. पण अभ्यासक्रम पूर्ण झाला होता, क्लासच्या सराव चाचण्या शेवटच्या सहा महिन्यांत त्याच त्या गुणांभोवती फिरत राहिल्या आणि परीक्षेतही तेच झालं, तर तसंच आणखी एक वर्ष काढून चित्र बदलेल असं मला वाटत नाही. हे कठोर वाटेल. पण अठराव्या वर्षी मुलांचा आत्मविश्वास कसा झिजतो ते मी जवळून पाहते, म्हणून स्पष्ट लिहिते.

आणखी एक. डॉक्टरकीची ओढ नेमकी कशाची आहे, हेही स्वतःला विचार. माणसं बरी करण्याची असेल तर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी यांच्या प्रवेशफेऱ्या तुझ्या आत्ताच्या गुणांवर कुठवर जातात ते बघितलंस का? या फेऱ्या उशिरापर्यंत चालतात. आमच्याकडे दर वर्षी पहिलं सेमिस्टर अर्धं झाल्यावर बाकं रिकामी होतात ती याच मुलांमुळे. तुझं तसं होण्याची शक्यता असेल तर फी परतीचा नियम आत्ताच माहीत असू दे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ किंवा त्याहून जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी परत मिळते. शेवटच्या पंधरवड्यात रद्द केला तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. यूजीसी एखाद्या वर्षासाठी यापेक्षा सवलतीच्या तारखाही जाहीर करते, त्या त्या वर्षी बघाव्यात. आणि त्याच नियमानुसार मूळ गुणपत्रिका कॉलेजनं पडताळून परत द्यायच्या असतात, ठेवून घ्यायच्या नसतात. तरी दाखला जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेव. नंतर मूळ दाखला लागला की मुलं दिवसभर ऑफिसच्या खिडकीशी उभी असतात.

आता समजा, चर्चा झाली आणि तुम्ही सगळ्यांनी बी.एस्सी. मनापासून करायचं ठरवलं. मग पहिले तीन रकाने.

तू लिहिलंस की कॉलेजात तीन गट आहेत: भौतिक-रसायन-गणित, रसायन-वनस्पती-प्राणी आणि रसायन-वनस्पती-सूक्ष्मजीवशास्त्र. मी रसायनाची आहे, तेव्हा माझा कल तिकडे असणार हे धरूनच पुढचं वाच. मुलं सहसा विचारतात, 'मॅडम, कुठला विषय सोपा?' किंवा 'कशाला स्कोप आहे?' मी त्यांना पाटी पुसायला लावते आणि उलटं विचारते: तिसऱ्या वर्षाला रोज सकाळी ज्याच्या प्रयोगशाळेत जायला जिवावर येणार नाही, असे दोन विषय कोणते? तिघांतले दोनच शेवटपर्यंत तुझ्याबरोबर राहणार आहेत. दोन मन लावून निवड. तिसरा सुटणारा आहे, तो वर्षभर चाखून बघायचा.

त्यानंतर शेवटाकडून मागे वाचत यायचं. पदवीनंतरची जी दारं तुला उघडी हवीत, त्यांच्यावर काय अट लिहिलीय ते बघायचं. स्पर्धा परीक्षा म्हणत असशील तर राज्यसेवा किंवा नागरी सेवा परीक्षेला कुठलीही पदवी चालते, विषयाची काळजी नाही. पण भारतीय वनसेवेला तसं नाही. तिथे पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय पदवीला असावा लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र नाही. म्हणजे रानावनाची आवड असलेल्या मुलीनं सूक्ष्मजीवशास्त्र मेजर घेताना हे आधी माहीत असायला हवं. आयआयटीत एम.एस्सी. करायचं असेल तर 'जाम' ही परीक्षा असते. तिच्यात रसायन, जैवतंत्रज्ञान, भौतिक, गणित, गणितीय संख्याशास्त्र, भूशास्त्र, अर्थशास्त्र असे पेपर आहेत; वनस्पतिशास्त्राचा किंवा प्राणिशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. वनस्पती-प्राणीवाली मुलं जैवतंत्रज्ञानाचा किंवा रसायनाचा पेपर देतात. बी.एड. करून शिक्षिका व्हायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला असणं सोयीचं, आणि खुल्या गटाला पदवीला ५० टक्के लागतात.

नोकरीचं म्हणशील तर तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर लगेच काम मिळण्याच्या बाबतीत रसायनवाल्यांना औषध आणि रसायन कंपन्यांचा आधार असतो. कुरकुंभ, वाळूज, तारापूर अशा एमआयडीसींतल्या कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आमची मुलं-मुली लागतात. तिथे मुलाखतीला विचारतात काय? टायट्रेशन करून दाखव, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक सांग, पिपेट कशी धुतेस. एफवायच्या प्रॅक्टिकलमधल्याच गोष्टी. शिफ्टची तयारी मात्र ठेवावी लागते. सूक्ष्मजीवशास्त्रालाही त्याच कंपन्यांत आणि दूध, अन्न प्रक्रिया उद्योगांत जागा असते. वनस्पती-प्राणी घेणाऱ्यांना बहुधा पुढे एम.एस्सी. किंवा बी.एड. करावंच लागतं, हे गृहीत धरून घरचा खर्च मांडावा.

गणिताबद्दल तू लिहिलंस की भीती वाटते पण सोडून द्यावंसंही वाटत नाही. ते विचारात घेण्यासारखं आहे. बारावीचं गणित तुझ्या गुणपत्रिकेवर आहे, ते कुठे जात नाही. पुढे एमसीएसारख्या संगणकाच्या अभ्यासक्रमांत बारावीचं किंवा पदवीचं गणित ग्राह्य धरतात, तिथे ते तुझ्या कामी येईल. पण एम.एस्सी. संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र मनात असेल तर आत्ता गणिताचा गट सोडलास की ती वाट जवळपास बंद होते. उलट, भौतिक-गणित घेऊन नंतर जीवशास्त्राकडे येणंही अवघडच. तेव्हा भीती कसली आहे ते तपास. गणित समजत नाही म्हणून आहे की बारावीच्या परीक्षेत वेळ पुरला नाही म्हणून आहे? बारावीचं पुस्तक काढ, डेरिव्हेटिव्हची दहा उदाहरणं आज रात्री घड्याळ न लावता सोडव. सात जमली तर तुझी भीती परीक्षेची आहे, गणिताची नाही.

आणि मैत्रिणी काय घेतायत हे कारण पुरेसं नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आडनावाच्या अक्षरानुसार किंवा रोल नंबरानुसार पडतात. एकच विषय घेऊनही मैत्रिणी वेगवेगळ्या बॅचला जातात, हे मी दर जुलैत पाहते.

या तीन रकान्यांबाबत दोन गोष्टी कॉलेजात विचारायलाच हव्यात, त्या माहितीपत्रकात क्वचित सापडतात. पहिली: हा विषय तिसऱ्या वर्षाला मेजर म्हणून तुमच्याकडे चालतो का? काही कॉलेजांत एखादा विषय फक्त दुसऱ्या वर्षापर्यंतच असतो. तसा विषय मनात धरून तू आलीस तर दोन वर्षांनी कॉलेज बदलावं लागेल. दुसरी: मेजरला जागा किती आणि त्या कशावर देतात? प्रयोगशाळेची क्षमता ठरलेली असते, मागणी जास्त झाली की एफवायच्या गुणांवर यादी लागते. आमच्याकडे एका मुलाला मेजर रसायनच हवं होतं. पहिल्या वर्षी त्यानं रसायन मन लावून केलं, पण ओई आणि पर्यावरणाच्या दोन क्रेडिटांच्या पेपरांकडे ढुंकून पाहिलं नाही. यादी एकूण गुणांवर लागली आणि तो दोन नावांनी खाली राहिला. हलके रकाने मी हलके म्हटले ते निवडीच्या दृष्टीनं. गुणांच्या दृष्टीनं २ क्रेडिट ते २ क्रेडिटच.

आता मध्यम वजनाचा रकाना, ओई. हा पेपर तुझ्या शाखेबाहेरचा असावा लागतो. म्हणजे सायन्सच्या मुलीला कला किंवा वाणिज्यचा विषय. मुलं यात नाव बघून निवडतात. मी सांगते, आधी वार आणि वेळ बघ. ओईला सगळ्या वर्गांची मुलं एकत्र येतात, त्यामुळे त्याचा तास बहुतेक दिवसाच्या टोकाला टाकतात, सकाळी फार लवकर किंवा दुपारी उशिरा. एका मुलीनं आवडीनं मानसशास्त्र घेतलं होतं. तास दर बुधवारी चार ते सहा. तिच्या गावची शेवटची एसटी साडेपाचला. पहिले दोन बुधवार ती तास अर्धा सोडून पळाली, तिसऱ्या बुधवारी वडील मोटरसायकलवर घ्यायला आले, चौथ्यापासून तिनं जाणंच सोडलं. उपस्थिती कमी भरली. विषय तिला आवडत होता, हे जास्त वाईट. नंतर आम्ही तिचा ओई बदलून दिला, पण त्यासाठी तीन अर्ज आणि दोन सह्या लागल्या.

म्हणून शुक्रवारच्या आत तुझ्या गावच्या एसटीचं वेळापत्रक एका कागदावर लिहून काढ: सकाळची पहिली गाडी कॉलेजच्या थांब्यावर किती वाजता पोचते आणि परतीची शेवटची किती वाजता सुटते. ओई, एसईसी आणि प्रॅक्टिकलच्या बॅचचे तास त्या दोन वेळांच्या आत बसतात का, ते बघ. बॅच बदलून मागायची असेल तर पहिल्याच आठवड्यात कारण लिहून अर्ज दे. लांबून येणाऱ्या मुलींची बॅच आम्ही सहसा बदलून देतो. पण बॅचची यादी परीक्षा विभागाकडे गेल्यावर हात बांधले जातात.

वसतिगृह मिळालं तर हे सगळं बदलतं. तू लिहिलंस की वसतिगृहाची यादी अजून लागली नाही. तोवर रोज ये-जा करायचीय असंच धरून फॉर्म भर.

राहिलेल्या चार रकान्यांवर फार वेळ घालवू नकोस. एसईसी म्हणजे कौशल्याचा पेपर. त्यात हातानं काही करायला लावणारा असेल तो घे. संगणकावर तक्ते आणि आलेख करायला शिकवणारा पर्याय दिसला तर डोळे मिटून घे, तिन्ही वर्षं कामी येतो. एईसी म्हणजे भाषा. मराठी मिळत असेल आणि आवडत असेल तर मराठी घे, त्यात कमीपणा काही नाही. व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान यांसारखे मूल्यशिक्षणाचे पेपर, आणि आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. या दोन्हींत निवडीला वाव असलाच तर थोडाच असतो.

एक गोष्ट फॉर्मवर नाही, पण दुसऱ्या सेमिस्टरला येईल: सीसी, म्हणजे एनसीसी, एनएसएस, खेळ, सांस्कृतिक असे सहशालेय उपक्रम. रकाना दुसऱ्या सेमिस्टरला असला तरी एनसीसीची भरती पहिल्या काही आठवड्यांतच होते आणि मग दार बंद. तीन वर्षं पूर्ण करून सी सर्टिफिकेट मिळालं तर लष्करात अधिकारी होण्यासाठी एनसीसीच्या विशेष प्रवेशाची वाट असते, तिथे लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळाच्या मुलाखतीला जाता येतं. धावण्याची, शिस्तीची आवड असेल तर दीक्षारंभची वाट न बघता एनसीसीच्या सरांना जाऊन भेट. एनएसएसला वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. तेही चांगलं आहे, लाजाळू मुलं तिथे बोलकी होताना मी पाहिली आहेत.

चार वर्षांची ऑनर्स पदवी करायची का, असंही तू ओझरतं विचारलंस. त्याचा निर्णय आत्ता घ्यायचा नाही. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटला पुरी होते. चौथं वर्ष करायचं की नाही हे तेव्हाच्या गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर ठरेल. फक्त एवढं लक्षात ठेव की संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के मागतात, आणि त्यात एफवायही मोजलं जातं. शिवाय अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे एबीसीचं खातं डिजिलॉकरवरून उघड. त्यावरचं नाव, आधार आणि बारावीची गुणपत्रिका तिन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, ते आत्ता तपास. वडिलांच्या नावातला एक काना चुकला तरी पुढे सहा महिने दुरुस्तीत जातात. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज भरणार असशील तर बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण पैसे त्याच वाटेनं येतात. आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून या महिन्यातच काढायला टाक. प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी किती असते हे तुला सांगायला नको.

आता ऑफिसात तुला जे उत्तर मिळालं, त्याबद्दल. क्लार्कवर रागावू नकोस. त्याच्यासमोर त्या दिवशी दोनशे मुलं असतात आणि विषयांचं शास्त्र त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. तू चुकीच्या खिडकीवर गेलीस एवढंच. विभागात जा. सकाळी साडेअकराच्या सुमारास, तास आणि प्रॅक्टिकलच्या मधल्या वेळात, विभागप्रमुख बहुधा प्रयोगशाळेतच असतात. दारावर टकटक करून नाव सांग, आणि 'फॉर्म शुक्रवारी द्यायचाय, दोनच प्रश्न आहेत' असं म्हण. तेच दोन, जे मी वर लिहिले: तिसऱ्या वर्षाला मेजर चालतो का, आणि जागा किती. प्रॅक्टिकलच्या वारांचं विचारायचं असेल तर लॅब असिस्टंट दादांना विचार, त्यांना सरांपेक्षा नेमकं माहीत असतं. आणि कॉरिडॉरमध्ये एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एखादी मुलगी दिसली तर तिचं जर्नल हातात घेऊन चाळ. पाच मिनिटांत कळतं की त्या विषयात वर्षभर हातानं काय करायचं असतं. प्राणिशास्त्राच्या जर्नलातल्या आकृत्या बघून 'हे मला आवडेल' किंवा 'हे नको' असं जे आतून येतं, त्यावर विश्वास ठेव.

जाताना आईला किंवा बाबांना बरोबर ने. त्यांनी ती प्रयोगशाळा, ती बाकं, पांढरे कोट घातलेली मुलं डोळ्यांनी पाहिली की घरातलं बोलणं बदलतं, असा माझा अनुभव आहे. बी.एस्सी. म्हणजे नीट हुकलेल्यांची जागा असं त्यांच्या मनात असेल तर ते माझ्या लिहिण्यानं जाणार नाही. एखादा विद्यार्थी ब्युरेटच्या नळीशी डोळा लावून थेंब मोजताना दिसला तर कदाचित जाईल.

एवढं सगळं करूनही शुक्रवारी निवड चुकली, तर बहुतेक कॉलेजांत तास सुरू झाल्यावर विषय बदलण्याची थोडी मुदत असते. ती तारीख फॉर्म देतानाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पहिल्या आठवड्यात तिन्ही विषयांच्या प्रॅक्टिकलला नक्की जा, एकही चुकवू नकोस, म्हणजे त्या मुदतीत बदलायचं की राहू द्यायचं ते स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येईल.

विभागात काय उत्तर मिळालं आणि बाबांशी काय ठरलं ते इथेच खाली लिही. एसटीच्या वेळा आणि कॉलेजनं दिलेली ओईची यादीही टाक, मग नेमका कुठला ओई घ्यावा हे आपण मिळून बघू.